सात भाग संपले तेव्हा

आमची आई आणि काकू एकमेकींशी बोलत नसत. भांडत नसत, हे आधी सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर लगेच भांडणच येतं. भांडायला बोलावं लागतं. त्या दोघी एका चुलीवर स्वयंपाक करायच्या, एकीनं भाकरी थापली की दुसरी ती तव्यावर टाकायची, आणि या सगळ्यात एक शब्द नाही. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. "मंदे, तुझ्या काकूला सांग, आमटीत मीठ नाय." काकू दोन हातांवर बसलेली. मी मान वळवून सांगायची, आमटीत मीठ नाही म्हणे. त्यावर काकूचा निरोप यायचा, तुझ्या आईला सांग, मला चव कळती. मी शाळेत गेलेली असले तर मांजराला सांगायच्या. मांजर माझ्यापेक्षा हुशार, ते उठून निघून जायचं.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या अलीकडे. भाऊ म्हणजे माझे वडील, आप्पा म्हणजे काका, आई, काकू आणि मी, एवढीच माणसं. झेंडू, शेवंती आणि थोडी गुलछडी. दुपारी उन्हं कलली की फुलं तोडायची, ओट्यावर गोणपाट अंथरून त्यावर ढीग घालायचे आणि दिवेलागणीपर्यंत हार ओवायचे, म्हणजे पहाटे आप्पा सायकलवर टोपल्या बांधून फूलबाजारात जायला मोकळे. आई आणि काकू सुई-दोरा घेऊन बसायच्या, भाऊ केळीचे सोप, म्हणजे खोडाच्या सालींचे पट्टे, पाण्यात भिजवून त्यांनी जुड्या बांधायचे. झेंडूचा वास हाताला इतका बसायचा की भाकरीलाही तोच वास यायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला तो वास आवडायचा नाही आणि मला तिच्या डोक्याच्या तेलाचा, असं आमचं फिट्टंफाट होतं. आजही देवघरासाठी पिशवीतून विकतचा झेंडू आणला की मी आधी बोटं हुंगते. सूनबाई हसते, हसू दे.

अबोल्याचं कारण मला त्या वेळी जेवढं ठाऊक होतं तेवढंच इथे सांगते. त्याच्या चार वर्षं आधी आई, भाऊ आणि मी मामाच्या लग्नाला नामपूरला गेलो होतो. काकूला सातवा महिना होता. आम्ही तिकडे असतानाच ती बाळंत झाली आणि मूल गेलं. आम्ही परतलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. आई पिशवी खाली न ठेवताच काकूच्या खोलीत गेली, आतून दोन-चार वाक्यं ऐकू आली, आणि आई बाहेर आली ती ओठ मिटूनच. त्यानंतर काकूला मूल झालं नाही. तिची सगळी माया माझ्यावर. माझी वेणी तीच घालायची, माझ्यासाठी गुळाचा चहा लपवून ठेवायची, आणि रात्री मी तिच्याच अंगाला चिकटून झोपायची. आईनं मला जन्म दिला, शिस्त लावली, वेळेला फटकेही दिले, तिला मी कमी लेखत नाही. पण काकू मला फार आवडायची. आज सत्तरीला टेकले तरी हे लिहिताना आईला वाईट वाटेल की काय अशी भीती वाटते.

वाचनाची सुरुवात माझ्या आळसातून झाली. मला हार ओवता यायचा नाही. माझा हार एका जागी जाड, एका जागी बारीक, बघणाऱ्याला दया यावी असा. एकदा आप्पा वैतागून म्हणाले, तू हात लावूच नको, त्यापेक्षा तुझं ते पुस्तक मोठ्यानं वाच, आम्हाला तरी करमणूक होईल. माझी शाळा पंचवटीत होती आणि शाळेजवळच्या वाचनालयाचं कार्ड मला बाईंनी करून दिलं होतं. मी वाचायला घेतली ती एका घाटातल्या धर्मशाळेची गोष्ट. एक म्हातारी ती धर्मशाळा चालवते, तिच्या दोन सुना, आणि रोज कुणी ना कुणी वाटसरू मुक्कामाला येतो. सात भाग होते. एका कार्डावर एकच पुस्तक मिळायचं, म्हणून एक भाग परत करून दुसरा आणेपर्यंत घरात सगळ्यांचा जीव टांगणीला.

आणि त्या सात भागांत एक चमत्कार झाला. आई आणि काकू बोलायला लागल्या. एकमेकींशी नव्हे हो, पुस्तकाशी. आई सुईकडे बघत म्हणायची, या थोरल्या सुनेनं किल्ल्या दडवल्या ते काय चांगलं केलं नाय. काकू आपल्या दोऱ्याकडे बघत म्हणायची, दडवणार नाय तर काय करंल, तिला कुणी इचारतं का त्या घरात. आई म्हणायची, इचारायला तोंड उघडावं लागतं. असं दोन-दोन तास. मध्ये मी, हातात पुस्तक, आणि निरोप पोचवायची गरजच नाही. भाऊ सोप भिजवता भिजवता गालात हसायचे. मला तेव्हा नीट कळत नव्हतं, पण एवढं कळायचं की चार वाजले की आमचं घर बरं असतं.

सातवा भाग श्रावणात संपला. म्हातारी मेली, धर्मशाळा सुनांनी नीट चालवली, सगळं गोड झालं. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी ओट्यावर बसले तर हातात काही नाही. कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात घर पहिल्यापेक्षा वाईट झालं, कारण आता त्या शांततेची सवय मोडली होती. एका सकाळी चुलीवर दूध उतू गेलं. दोघी समोर होत्या. आईला वाटलं दूध काकूनं ठेवलंय, काकूला वाटलं आईनं ठेवलंय, आणि ज्या बाईशी बोलायचं नाही तिला सांगायचं तरी कसं. आप्पा दारात उभे राहून ते दूध विस्तवात जाताना बघत होते. संध्याकाळी ते भाऊंना म्हणाले, दसरा झाला की चूल वेगळी करू, हे असं कुढत राहण्यापेक्षा बरं. भाऊ नेहमीसारखे हूं म्हणाले. आईनं मला त्याच रात्री बजावलं, मग तिकडं सारखं पळायचं नाय, झोपायचं तर आपल्या घरात. मी गोधडीत तोंड घालून रडले. काकू माझ्या पाठीवर हात फिरवत होती.

मी आठवीत होते आणि माझ्या डोक्यानं एकच हिशेब मांडला, की पुढची मालिका मिळाली की चूल वेगळी होणार नाही. नुसती चांगली नको, लांबलचक हवी. वाचनालयातल्या नाईकबाई उंच, किडकिडीत, चष्मा दोरीला बांधलेला. माझं पुस्तक परत आलं की ते न उघडताच ओळखायच्या, वासावरून. मी त्यांना विचारलं, सर्वात जास्त भाग कशाचे आहेत? त्यांनी एका गुप्तहेराची मालिका दाखवली, बावीस भाग. मला स्वर्ग दिसला. पण काकूनं दहाव्या पानावरच सांगितलं, खून माळ्यानं केला नाय, मुनीमानं केलाय, आणि शेवटी मुनीमच निघाला. दुसऱ्या भागातही तसंच. आईला तिचं म्हणणं खोडायला जागाच मिळेना. आई गप्प, म्हणून काकू गप्प. मग मी राजेरजवाड्यांची तीन भागांची आणली. ती आप्पांना इतकी आवडली की ते लढाई आली की हातातली टोपली ठेवून उभे राहायचे, पण बायकांना त्यात काही बोलायला नव्हतं, लढाईत जावा नसतात. नंतर एक प्रेमाची आणली. तिच्यात चौथ्या पानावर असं काही आलं की मी अडखळले, भाऊ खाकरून विहिरीकडे निघून गेले, काकू पदर तोंडाला लावून हसली आणि आई म्हणाली, बंद कर ते. गणपती आले आणि गेले. हारांची घाई, दुर्वांच्या जुड्या, आणि ओट्यावर आवाज फक्त फुलांचे देठ तुटण्याचा.

माझी नात एखादी मालिका वाचून संपवते आणि दोन दिवस तोंड पाडून बसते. मग तिचा फोनच तिला सांगतो, हे आवडलं असेल तर तेही आवडेल. बहुतेक वेळा बरोबरही सांगतो मेला. मलाही ती विचारते, आजी, आता पुढची कुठली वाचू? मी तिला उलट विचारते, तुला त्यातलं काय संपल्याचं वाईट वाटतंय ते आधी सांग. हा प्रश्न माझा नाही, नाईकबाईंचा आहे. ते प्रेमाचं पुस्तक परत करायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि मला हेच विचारलं. मला रडू आलं. वाचनालयात मोठ्यानं बोलायची बंदी, म्हणून मी हुंदके गिळत त्यांना सगळं सांगितलं. अबोला, दूध, दसरा, सगळं. परक्या बाईला घरातलं सांगितलं म्हणून आईनं मला सोलून काढलं असतं. नाईकबाईंनी मला मध्ये तोडलं नाही. शेवटी मी म्हणाले, "बाई, असं पुस्तक द्या ना, ज्यात दोघींचंही बरोबर असेल."

त्या बराच वेळ कपाटापुढे उभ्या राहिल्या. मग खालच्या फळीवरून एक जाड, मळक्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. कोकणातल्या खाडीकाठच्या मिठागरवाल्या घराण्याची गोष्ट, नऊ भाग. नऊ! मी नावसुद्धा नीट वाचलं नाही. पितृपक्षात फुलांना मागणी कमी, हात सावकाश चालायचे, त्यामुळे पहिला भाग आम्ही चवीचवीनं वाचला. त्यात दोन जावा होत्या, आणि नाईकबाईंनी शब्द पाळला होता. थोरली कडक, पण पहाटे उठून सगळ्यांचं करणारी. धाकटी हळवी, पण मनात धरून ठेवणारी. आई थोरलीची वकील झाली, काकू धाकटीची, आणि ओटा पुन्हा बोलायला लागला. एकदा तर आई चुकून काकूकडे बघून हसली. दोघींनीही लगेच माना खाली घातल्या, पण मी पाहिलं. त्या रात्री मला वाटलं, जमलं. आपण जमवलं. आप्पांनी मागच्या पडवीत नवी चूल घालायला माती आणून ठेवली होती, तिच्यावर मी मुद्दाम पाणी ओतून आले.

नवरात्र बसलं आणि दसऱ्याच्या झेंडूची धामधूम सुरू झाली. ओट्यावर पिवळे-केशरी ढीग कमरेएवढे. मी दुसरा भाग वाचत होते. पुढचं पान आधी वाचून ठेवायची सवय मला नव्हती, सगळ्यांबरोबरच मलाही कळायचं. त्या दिवशीच्या प्रकरणात थोरली खाडीपलीकडे जत्रेला गेलेली असते, इकडे धाकटीच्या पोटात दुखायला लागतं, दिवस भरलेले नसतात. ती होडीवाल्याला पाठवते, जाऊबाईंना घेऊन ये म्हणून. भरती ओसरते, होडी रिकामी परत येते. मी इथपर्यंत वाचलं आणि मान वर केली, कारण फुलांचे देठ तुटायचा आवाज थांबला होता.

काकूनं सुई खाली ठेवली. फार हळू आवाजात तिनं मला विचारलं, मंदे, खरं सांग, हे पुस्तक तुला कुणी आणायला लावलं? मी म्हणाले, नाईकबाईंनी दिलं, नऊ भाग आहेत म्हणून मी घेतलं. तिचा विश्वास बसला नाही. तेवढ्यात आईही म्हणाली, तिलाच इचार, तिनंच सांगितलं असंल, मला डिवचायला. दोघींना एकमेकींबद्दल तेच वाटलं होतं.  मी पुस्तक मिटायला गेले तर काकू म्हणाली, मिटू नको, वाच, ती थोरली का आली नाय ते मला ऐकायचंय. मी ओळ शोधेपर्यंत आईच बोलली, सुईकडे बघत, पहिल्यासारखीच.

"निरोप पोचला नसंल."

"होडीवाला पोचलो म्हणून सांगतोय," काकू म्हणाली.

"काठाला पोचला. तिच्यापाशी पोचला का?"

"गाडीवाला माझ्या तोंडावर सांगून गेला. लग्नघरात निरोप दिला म्हणाला. सिंधूला दुखतंय, आक्कांनी लगेच निघावं, असा."

पुस्तकात होडी होती. गाडी नव्हती, लग्नघर नव्हतं, आणि सिंधू हे तर आमच्या काकूचं नाव, आक्का म्हणजे आई. चार वर्षं जे कुणीच उच्चारलं नव्हतं ते आता ओट्यावर येऊन पडलं होतं.  फार दुखलं की आईच्या तोंडी माहेरची बोली यायची, तशी ती आली. माले कोनी सांगं नही, ती म्हणाली, मला कुणी सांगितलंच नाही, तेव्हाही हेच सांगत होते, तू मला खोटारडी म्हणालीस. काकू म्हणाली, मग तो निरोप गेला कुठं?

भाऊंच्या हातात ओला सोप होता. तो त्यांनी टोपलीच्या काठावर ठेवला. भाऊ मुळातच कमी बोलणारे, त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"निरोप माझ्यापाशी आला होता," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, खाली बघत, तुटक तुटक. कांद्याची गाडी घेऊन आलेला माणूस त्यांना मांडवाच्या दारातच भेटला होता. नवरदेवाला हळद लागली होती. त्यांना वाटलं, आत्ता सांगितलं तर लग्नात रडारड होईल, अक्षता पडू देत, मग सांगू, बायकांचं दुखणं आहे, एका दिवसानं काय होतंय. अक्षता पडायच्या आतच दुसरा निरोप आला, मूल गेल्याचा. तो त्यांनी सांगितला. पहिल्याचं सांगायला मग तोंडच उघडलं नाही, आणि जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं. दोघी बोलत नाहीत हे त्यांना रोज दिसत होतं. रोज. त्या मांडवात मीही होते, नवा परकर घालून बुंदी खात. मांडवाच्या दाराशी भाऊ कुणाशी तरी बोलत असल्याचं मला आजही धूसर आठवतं, आणि ते खरंच आठवतं की त्या दिवसानंतर मी ते मनात रंगवलं, हे सांगता येत नाही.

मला त्या वेळी भाऊंचा भयंकर राग आला होता. आता तेवढा येत नाही. चांगलं कार्य चाललेलं असताना वाईट बातमी दाबून ठेवायची, ही आमच्याकडच्या पुरुषांची समजूत, आणि तिला ते शहाणपण समजायचे. पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण शेवट मला त्याच्यावर करायचा नाही. आई दिवाळीपर्यंत भाऊंशी बोलली नाही. निरोप पोचवायचं काम मला पुन्हा लागलं, पण या वेळी काकू आईच्या बाजूनं होती. पडवीत ती चूल काही त्या दसऱ्याला झाली नाही. पुष्कळ वर्षांनी झाली, तीही जागा पुरेना म्हणून, आणि तोवर माझं लग्न होऊन गेलं होतं. मिठागरवाल्यांचे उरलेले सात भाग आम्ही वाचले. सहावा जरा रटाळ आहे.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. भाऊ बोलायचे थांबले आणि काकू रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. मला वाटलं आता आई भाऊंवर तुटून पडणार. आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली, फुलांच्या ढिगातून तशीच पाय टाकत पलीकडे गेली आणि काकूच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.  आईला हळवं बोलता यायचंच नाही. तिनं काकूच्या मांडीवरचं झेंडूचं फूल उचललं, बाजूला ठेवलं, आणि म्हणाली,

"सिंधू, त्याचं नाक कुणावर गेलं होतं गं?"

काकूनं मान वर केली. चार वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही, तिच्या माहेरच्यांनी नाही, कुणीच नाही. मूल गेलं, एवढंच सगळे म्हणायचे. ते कसं दिसत होतं हे कुणाला जाणून घ्यायचंच नव्हतं. 

"आप्पांवर," ती म्हणाली. "पण केस लय व्हते त्याला, आक्का. काळेभोर. सकाळपर्यंत व्हता तो. माझं बोट धरून व्हता."

"सांग," आई म्हणाली. "सगळं सांग मला."

आणि काकू सांगायला लागली. दिवा लावायची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही.